अपेक्षित उत्तर

पाठ टाचणाच्या वहीत मी पाच रकाने आखते:
मुद्दा, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन,
आणि शेवटी, पट्टी घसरली की अजूनच अरुंद होणारा,
अपेक्षित उत्तर.

रात्री गिरणी बंद झाली की आखते,
वजनकाटा बाजूला सारून, दळणाच्या डब्यांमध्ये जागा करून.
म्हणून माझ्या सगळ्या पाठांना ज्वारीच्या पिठाचा वास आहे,
आणि पान उलटून झालं की पेनूरकर मॅडम
पदराला बोटं पुसत म्हणतात,
खडू फार उडवतेस, सत्वशीला.

सेलूच्या कॉलेजात आम्ही बावन्न जण.
सूक्ष्म अध्यापनाला एक जण मास्तर, बाकीची तिसरीतली लेकरं.
मुंजाजी, वय एकतीस, मिशीला पीळ,
हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसतो
आणि प्रश्न संपायच्या आत ओरडतो,
बाई मी सांगू, बाई मी सांगू!
गंगासागरला सातवा महिना, तीही तिसरीतच.
सहा मिनिटांत किमान चार शाब्बास,
प्रबलन कौशल्याला गुण आहेत.
मग नुजहत घंटा वाजवते.
एवढी शाब्बासकी मला अख्ख्या शाळेत मिळाली नव्हती.
हे चिंतन नोंदीत लिहिलं नाही.

घड्याळ केलं लग्नातल्या शालूच्या खोक्याचं.
काटे सासऱ्यांच्या गुडघ्याच्या एक्स-रेतून कापले,
मधे शर्टाचं बटण, काळा दोरा.

दुधनेच्या अलीकडची जिल्हा परिषद शाळा.
चौथी. पट अठ्ठावीस, हजर एकोणीस.
मॅडम मागच्या बाकावर, निरीक्षण वही मांडीवर.
मी काटे फिरवत गेले, सव्वादोन, पावणेतीन,
उत्तरं येत गेली रकान्यात
दिवेलागणीला शेळ्या दावणीला येतात तशी.

साडेतीनला मागून परमेश्वर उठला.
(हा पटावर असतो, वर्गात कधीमधी.)
"बाई, तुमचं घड्याळ लबाड हाय."
काहून रे?
"साडेतीन वाजले तर बारका काटा तिनावरच कसा?
तिनाच्या अन् चाराच्या मधी पाहिजे त्यो.
मोठा पळला की बारका बी सरकतो जरासा.
बाप पोते उचलस्तोर मी मोंढ्यातलं घड्याळच बघत बसतो."

वर्गात पंखा नव्हताच,
तरी तो थांबल्यासारखं झालं.
मी वहीत पाहिलं. तिथं नुसतं लिहिलेलं: साडेतीन.
चार शाब्बास आधीच संपले होते.
तोंडातून निघालं,
माझ्या ध्यानातच नाही आलं रे.
हे कुठल्या कौशल्यात बसतं, मला आठवेना.

तो पुढं आला. नाकाला बाही पुसली.
सासऱ्यांचं हाड धरून
बोटभर नाही, नखभर सरकवलं.
"आता बघा."
एकोणीस लेकरं फळ्यापाशी आली, एकमेकांच्या पाठीवर चढून,
मला मागं सरकावं लागलं.

मॅडमचा शेरा:
आवाज चांगला. फलक लेखन तिरपे.
साहित्याचे काटे सैल.
वर्ग नियंत्रणाकडे लक्ष द्यावे.
खाली सही, तारीख.
एसटीत मात्र त्या मनगट डोळ्यांजवळ धरून
बराच वेळ बसून होत्या.
स्टँड आला तरी.

घड्याळ आता गिरणीत टांगलंय.
दळण कधी नेऊ विचारलं की नवरा काटे लावून दाखवतो,
दोन्ही काटे. मी शिकवलंय त्याला.
किती पाठ राहिले, तो विचारतो.
अकरा.
अन् मग नोकरी?
मी पट्टी ठेवते, रेघ ओढते.

उद्याचा पाठ: अपूर्णांक.
शेवटचा रकाना कोरा सोडला तर सही मिळत नाही,
म्हणून भरते.
पेन्सिलनं.